ब्रेकचा दिवा कोणी बदलायचा?

मोटारीच्या मागच्या अंगाला बसवलेला ब्रेकचा तांबडा दिवा चालकाला स्वतःला कधीच दिसत नाही. पुढचे दिवे त्याला वाट दाखवतात, आतला दिवा त्याच्या सोयीसाठी असतो. परंतु ब्रेकचा दिवा पेटतो तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. तो माणूस रात्रपाळी संपवून स्कूटरवरून घरी निघालेला कामगार असेल, पहाटेचा दूधवाला असेल, एस.टी.चा चालक असेल. पुढचे वाहन थांबत आहे, हा एकच निरोप त्याला द्यायचा असतो आणि तो वेळेवर पोचला नाही तर दुसरा कोणताही निरोप त्याच्या उपयोगी पडत नाही. गाडी खाजगी मालकीची असली, तरी हा दिवा खाजगी नाही. म्हणूनच तो बंद पडला तर कोणी, कोठे, किती वेळात आणि किती खर्चात बदलायचा हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला, तरी तो गाडीवाल्याच्या घरगुती सोयीपुरता उरत नाही.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांतून स्पष्ट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. मागच्या चालकाला अर्धा सेकंद उशिरा कळले, तर आठ मीटर रस्ता हातचा गेला. भर शहरातील रहदारीत दोन वाहनांमध्ये तेवढे अंतर असतेच असे नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि अपघातांच्या प्रकारांत मागून बसलेल्या धडकेचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे पंचमांशाहून अधिक होता. या साऱ्या धडका बंद दिव्यांमुळे झाल्या असे कोणी म्हणणार नाही. वेग, थकवा, मद्य, रस्त्याची दुर्दशा, दिव्याविना कडेला उभे केलेले ट्रक, अशी कारणे अनेक आहेत. परंतु मागून येणाऱ्याला वेळेवर इशारा मिळाला तर धडका टळतात याबद्दल शंका नाही. १९७४ साली सान फ्रान्सिस्को शहरातील टॅक्सींच्या मागच्या काचेजवळ मधोमध एक जादा ब्रेकचा दिवा बसवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका निम्म्याहून अधिक घटल्या. पुढे १९८६ सालच्या नमुन्यांपासून अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. एका दिव्याच्या असण्याने एवढा फरक पडत असेल, तर त्याच्या नसण्याची किंमत वेगळी सांगावयास नको.

आता हा दिवा बदलण्याचे काम कितपत कठीण आहे ते पाहू जावे. जुन्या बांधणीच्या आणि आजही रस्त्यावर मोठ्या संख्येने धावणाऱ्या गाड्यांत ते दहा मिनिटांचे काम आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, दिवे व इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि बल्ब तापलेला असल्यास तो निवू द्यावा. डिकी उघडली की दिव्याच्या मागच्या बाजूस झाकण असते. काही गाड्यांत दोन स्क्रू काढून दिव्याचा सबंध साचा बाहेर घ्यावा लागतो. होल्डर किंचित फिरवला की सुटतो. बल्ब आत दाबून डावीकडे वळवला की तो हाती येतो. काच काळवंडली असेल किंवा आतली तार तुटलेली दिसत असेल, तर रोगनिदान झालेच. होल्डरमधील पितळी पट्ट्यांवर गंज धरला असेल तर तो खरवडून काढावा. कारण पुष्कळदा बल्ब शाबूत असतो आणि गंजामुळेच वीज पोचत नाही. जुन्या बल्बवरील खूण वाचून त्याच खुणेचा नवा बल्ब आणावा, दाबून उजवीकडे वळवावा, आणि घरातील कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवावयास सांगून मागे उभे राहून पाहावे. मदतीला कोणीच नसेल तर संध्याकाळच्या वेळी गाडीची पाठ भिंतीकडे करून पायटा दाबावा. भिंतीवर दोन्ही बाजूंना तांबडा उजेड पडला की काम झाले.

एकच दिवा गेला असेल तर दोष बहुधा बल्बचा किंवा होल्डरचा असतो. सगळेच ब्रेकचे दिवे एकदम गेले असतील तर बल्बमागून बल्ब विकत आणण्यात अर्थ नाही. फ्यूज किंवा पायट्यापाशी असलेला खटका तपासावा. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणू लागला, तर अर्थिंगची तार सैल झाली आहे असे समजावे. विजेचा दाब अवघा बारा व्होल्टचा असल्याने झटक्याचे भय नाही. एवढे ज्ञान दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचे नाही आणि एवढे हत्यार कोणत्याही घरात असते.

हे काम इतके सोपे का आहे, हा मात्र विचार करण्यासारखा मुद्दा आहे. ते आपोआप सोपे झालेले नाही. मोटारींच्या मागच्या दिव्यात अनेक दशके वापरला गेलेला, पी २१/५ डब्ल्यू या खुणेने ओळखला जाणारा बल्ब पाहावा. त्याच्या एकाच काचेत दोन तारा असतात. २१ वॅटची ब्रेकसाठी आणि ५ वॅटची रात्रीच्या मागच्या दिव्यासाठी. त्याच्या पितळी टोपीला दोन खुंट्या असतात आणि त्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर बसवलेल्या असतात, जेणेकरून बल्ब उलटा बसूच शकणार नाही. नवखा माणूसही चुकू नये ही काळजी कारखान्यातच घेतलेली असते. शिवाय जिनिव्हा येथे १९५८ साली झालेल्या मोटारविषयक आंतरराष्ट्रीय कराराखालील ३७ क्रमांकाच्या नियमाने अशा बल्बांची मापे, त्यांच्या टोप्या आणि त्यांचा उजेड ठरवून दिला. त्यामुळे गाडी कोणाचीही असो, बल्ब कोणत्याही कारखान्याचा चालतो. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानात जो बल्ब मिळतो, तोच तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकासमोरच्या दुकानात मिळतो आणि दोन-चार कप चहाच्या पैशांत मिळतो. समान माप ही समाजाने यंत्रावर घातलेली मर्यादा आहे. तिच्यामुळे ज्ञान एका ठिकाणी साठून राहत नाही. ते रस्त्यावर येते, हातोहात पसरते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने जवळजवळ अर्धशतक शहर वाहून नेले, ते या बळावर. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीत दोष थोडे नव्हते. परंतु तिचा बहुतेक भाग फूटपाथवर उघडता येत असे आणि बहुतेक बिघाड चालकाला स्वतःला किंवा नाक्यावरच्या मेकॅनिकला कळत असे. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने दुरुस्तीचा दिवस म्हणजे बुडालेल्या कमाईचा दिवस. दिवा गेला तर तो दोन भाड्यांच्या मधल्या वेळात बदलला जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. ती बव्हंशी गाडीच्या रूपाबद्दल होती. गाडी आणि चालक यांच्यातील जो संबंध तिच्याबरोबर संपुष्टात येत होता, त्याची वाच्यता फारशी झाली नाही.

आज अनेक नव्या गाड्यांत मागच्या दिव्यात बल्ब नसतोच. एलईडीचे बारीक कण एका पाटीवर कायमचे जडवलेले असतात आणि वरून काच चिकटवून सारे मोहोरबंद केलेले असते. या बदलाचे गुण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. एलईडी वीज कमी खाते, पुष्कळ वर्षे टिकते आणि तारेच्या बल्बपेक्षा सेकंदाच्या सुमारे पंचमांशाने आधी पेटते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात तीन मीटरहून अधिक अंतर वाचते, आणि तीन मीटर म्हणजे एखाद्याचा प्राण असू शकतो. तेव्हा जुन्या बल्बच्या आठवणी काढून नव्या दिव्याला नावे ठेवण्यात हशील नाही.

आक्षेप एलईडीला नसून मोहोरेला आहे. पाटीवरचा एक कण मेला किंवा काचेला तडा जाऊन आत पाणी शिरले, की सबंध दिवा फेकून नवा घ्यावा लागतो. तो त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा, कंपनी सांगेल त्या किमतीचा. ज्या गाड्यांत बल्ब अजून शिल्लक आहे, त्यांतल्याही काहींमध्ये तिथवर हात पोचवण्यासाठी बंपर उतरवावा लागतो. काहींमध्ये गाडीतला संगणक दिव्यांवर पहारा ठेवतो आणि बिघाडाची नोंद वाचावयाची तर विशिष्ट यंत्रच लागते. एलईडीची पाटी बदलता येईल अशी बनवणे काही अशक्य नाही. तिची मापे ठरवून देणे तर मुळीच अशक्य नाही. तसे झाले नाही तर त्याचे कारण विज्ञानात शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावे. गाडी एकदाच विकली जाते. दुरुस्ती मात्र पंधरा वर्षे विकता येते.

इथेच एक उघड विसंगती निर्माण होते. मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ब्रेकचा दिवा चालू असलाच पाहिजे. असुरक्षित अवस्थेतील वाहन रस्त्यावर आणले तर दंड होतो तो चालकाला. टेम्पोवाल्याला चौकात थांबवले जाते, तेव्हा त्याच्या दिव्याची बांधणी ज्याने केली त्याला कोणी विचारत नाही. जबाबदारी एकाच्या माथी आणि ती पार पाडण्याचे साधन दुसऱ्याच्या कुलपात, अशी ही व्यवस्था आहे. ज्याच्यावर कायद्याने कर्तव्य लादले, त्याला ते स्वतःच्या हातांनी किंवा आपल्या ऐपतीतल्या कारागिराकडून पार पाडण्याचा हक्क असलाच पाहिजे. या लहानशा दिव्याच्या निमित्ताने मांडावयाचे सूत्र हेच आहे.

हे सूत्र हवेतले नाही, हे सरकारी कागदपत्रांवरूनच दिसते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात देशातील १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू न देता या कंपन्यांनी आपापल्या गाड्यांच्या दुरुस्तीचा बाजार स्वतःच्या मुठीत ठेवला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सुरक्षिततेसाठी आणि बौद्धिक संपदेच्या रक्षणासाठी असे करावे लागते, हा कंपन्यांचा बचाव आयोगाने मान्य केला नाही. कंपन्या अर्थातच अपिलात आणि उच्च न्यायालयात गेल्या. दंडाचे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याचे बळ ज्याच्यापाशी असते, त्याला काळ हा मित्र असतो. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला तो मित्र नसतो.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या हक्काच्या नावाचे एक संकेतस्थळही सुरू झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने आपखुशीने दिलेली माहिती ती आपखुशीने मागेही घेऊ शकते. भांडवलशाहीची पंढरी म्हणून जिचा उल्लेख होतो त्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारदुरुस्तीचा प्रश्न २०१२ साली थेट मतपेटीपर्यंत नेण्यात आला आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने हक्काच्या बाजूने कौल दिला. २०२० साली गाडीतून बिनतारी मार्गाने कंपनीकडे जाणाऱ्या माहितीचा प्रश्न आला, तेव्हाही सुमारे तीन चतुर्थांश मते त्याच बाजूने पडली. तेथे जे लोकांना कळले ते येथे कळू नये असे काही नाही. ते त्यांच्यापुढे नीट मांडले गेले पाहिजे, एवढेच.

बल्बच्या इतिहासाकडे पाहिले तर सावध राहण्याचे आणखी एक कारण सापडते. डिसेंबर १९२४ मध्ये जगातील मोठमोठ्या विद्युतदिवे-उत्पादकांनी जिनिव्हात एकत्र येऊन फीबस नावाचा संघ स्थापन केला. घरगुती बल्बचे आयुष्य हजार तासांपुरते राहावे, असे त्यांनी आपसांत ठरवले आणि ज्याचे बल्ब त्याहून अधिक टिकतील त्या सभासदाला दंड ठेवला. अधिक टिकाऊ माल बनवणे हा अपराध ठरवणारी ही व्यवस्था दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत टिकली. आजच्या मोटार कंपन्यांनी असा करार केला आहे असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु वस्तू किती टिकावी आणि कशी दुरुस्त व्हावी हा निर्णय केवळ विकणाऱ्यावर सोपवला तर काय होऊ शकते, याचा हा धडा आहे. आणि तो नेमका एका बल्बने शिकवलेला आहे.

या मांडणीवर काही आक्षेप येतील. मोटार ही खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांची वस्तू, तिच्या दिव्याशी कष्टकऱ्यांना काय कर्तव्य, हा पहिला. याचे उत्तर रस्त्यावर उभे आहे. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन, भाजीची पिकअप ही वाहने पोट भरण्याची साधने आहेत. त्यांच्या मालक-चालकांपैकी पुष्कळांच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे आणि मोहोरबंद दिव्याचा भुर्दंड हप्त्याच्या पैशांतून जातो. शिवाय ज्याच्यासाठी तो दिवा पेटतो, तो मागचा सायकलस्वार मोटारवाला नसतोच.

घरगुती दुरुस्तीत धोका असतो, हा दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. जास्त वॅटचा बल्ब घातला तर होल्डर वितळतो. शोभेसाठी काच रंगवली तर इशारा दिसत नाही. ब्रेकची नळी किंवा एअरबॅग यांना अडाणी हात लागता कामा नये. परंतु यावरून सारेच कुलूपबंद करावे असा निष्कर्ष निघत नाही. कामांची वर्गवारी करावी असा निघतो. बल्ब, फ्यूज, वायपर कोणीही बदलावे. ब्रेकचे काम प्रशिक्षित मेकॅनिकने करावे. आणि त्या मेकॅनिकला लागणारी पुस्तिका व साधने वाजवी दरात मिळावीत. अज्ञानावरचा उपाय ज्ञान हाच आहे. शिवाय बदलण्याचा खर्च परवडत नाही म्हणून बंद दिव्याने धावणारी गाडी कोणत्याही घरगुती दुरुस्तीपेक्षा अधिक धोक्याची असते.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. जो तो आपला दिवा आपणच बदलू लागला तर गॅरेजमधल्या गरिबाने काय खावे? वस्तुतः बल्ब बदलण्यावर कोणाचेही गॅरेज चालत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याची मजुरीही घेतली जात नाही. गॅरेजच्या पोटावर पाय येतो तो सुटे भाग आणि माहिती बंद झाल्यामुळे. घरी बल्ब बदलणारा मालक आणि नाक्यावरचा मेकॅनिक यांचे हितसंबंध एकच आहेत. मात्र या बाबतीत भाबडेपणाही नको. रस्त्यावरच्या गॅरेजचे गोडवे गाताना तिथे ग्रीस पुसत बसलेल्या बारा वर्षांच्या पोराकडे डोळेझाक करता येणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात नोकरीस ठेवणे बेकायदेशीर झाले, तरी तो पोरगा सर्वांनी पाहिलेला आहे. त्याला शाळेत पाठवणे, मोठ्या कारागिराला रीतसर प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि किमान वेतन मिळवून देणे, हे दुरुस्तीच्या हक्काच्या लढ्याचेच अंग असले पाहिजे. कंपनीच्या वर्कशॉपमधील गणवेशधारी कामगारही या लढ्याचा शत्रू नाही. त्याचेही कौशल्य भाग उघडण्याऐवजी सबंध भाग बदलून टाकण्यापुरते आकसत चालले आहे.

यंत्राला विरोध आणि यंत्राची गुलामी या दोन टोकांमध्ये तिसरी वाट आहे, हे या देशातील विचारवंतांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी शिलाईच्या यंत्राचा अपवाद केला होता. डॉ. लोहियांनी लहान यंत्रांचा आग्रह धरला, त्यामागेही यंत्र माणसाच्या आवाक्यात राहावे हीच दृष्टी होती. मोटार काही लहान यंत्र राहिलेले नाही. पण तिच्यातल्या दिव्यासारख्या वस्तू आवाक्यात ठेवणे आजही शक्य आहे.

त्यासाठी मागण्या नेमक्या असाव्यात. गाडीच्या सुरक्षिततेसाठी लागणारा प्रत्येक दिवा साध्या हत्यारांनी बदलता आला पाहिजे. एलईडीच्या पाट्यांची मापे व जोडण्या, बल्बांप्रमाणेच, ठरवून दिल्या पाहिजेत. दुरुस्तीची पुस्तिका मराठीसह सर्व भारतीय भाषांत गाडीबरोबर मिळाली पाहिजे. नमुना बंद झाल्यावरही सुटे भाग ठराविक वर्षे पुरवण्याचे बंधन हवे. आणि बिघाड वाचण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळालीच पाहिजेत. आयोगाचा आदेश एका प्रकरणापुरता असतो. कायदा सर्वांना लागू होतो.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. रिक्षातळावर, टॅक्सीतळावर, आय.टी.आय.च्या आवारात कार्यकर्त्यांनी एखादी संध्याकाळ यासाठी द्यावी. पाच-पन्नास बल्ब, दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जाणता फिटर एवढ्या सामग्रीवर वस्तीतल्या वाहनांचे मागचे दिवे तपासता येतील, आणि ज्याचा दिवा गेला आहे त्याच्याच हातून तो बदलून घेता येईल. ज्यांचे दिवे मोहोरबंद निघतील त्यांची यादी करावी आणि नव्या दिव्यासाठी काय खर्च सांगितला गेला तोही तिच्यात लिहून घ्यावा; मागण्यांच्या निवेदनाला जोडण्यासाठी याहून चांगला पुरावा मिळणार नाही. त्या रात्री निदान तेवढ्या वाहनांच्या मागून जाणाऱ्यांना, पुढचा थांबतो आहे हे वेळेवर कळेल.